पाण्याची घंटा

चर्चचे पाळकसाहेब कुणाच्याही दारात आले की आधी चपला काढायचे आणि मग घराकडे पाठ करून उंबऱ्यावर उभे राहायचे. आपण 'या, बसा' म्हणावं, तर त्यांची पाठ आपल्याकडे आणि तोंड गल्लीकडे. दोन्ही हात मागं बांधलेले, मान जरा पुढं काढलेली. असे दोन-तीन मिनिटं. मग वळून म्हणायचे, "काही नाही, तुमच्या दारातून कसं दिसतं ते बघत होतो."

आता तुम्हीच सांगा, असा माणूस तुमच्या दारात आला असता तर तुम्ही काय केलं असतं? चहा विचारला असता? मी आधी मोरीत जाऊन पाण्याच्या मोटारीवर पोतं टाकलं.

ही गोष्ट औरंगाबादची, शहराचं नाव बदलायच्या आधीची. छावणीच्या अलीकडं आमची गल्ली. एका तोंडाची, शेवटी भिंत. त्या तोंडाशीच काळ्या दगडाचं छोटं चर्च होतं. कंपाउंडच्या भिंतीवर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या आणि फाटकाला आठवडाभर कुलूप. रविवारी सकाळी स्कूटरवरून अकरा माणसं यायची, आत जायची, दीड तासानं बाहेर यायची, कुलूप ओढून बघायची आणि जायची. अकराच, हे मी मोजलेलं, कारण आमच्या ओट्यावरून फाटक सरळ दिसायचं आणि रविवारी मला दुसरा उद्योग नसायचा. एकेकाळी ही मंडळी इथंच आसपास राहायची म्हणे. पुढं सगळे नव्या कॉलन्यांमध्ये गेले, आणि मागं चर्च तेवढं राहिलं. तीस वर्षांत त्यांना आमच्यातल्या एकाचं नाव माहीत नव्हतं आणि आम्ही त्यांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. दोन्हीकडं कुणाची तक्रार नव्हती.

संशय घेणं हा आमचा घरचा धंदा. आमचे वडील करमाडचे. पोलीस ॲक्शननंतर ते शहरात आले. त्याआधीच्या दहशतीच्या दिवसांत दारात आलेल्याला 'कुणाचा माणूस?' हे विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही, अशी गावची रीत पडली होती. ती त्या दिवसांत बरोबरच होती. पण पुढं दिवस बदलले, हे वडिलांना कुणी सांगितलं नाही. दूधवाला बदलला तरी ते विचारायचे, "कुणाचा माणूस?" मला त्यांच्याकडून दोन खोल्यांचं घर मिळालं आणि हा प्रश्न मिळाला. घराची डागडुजी माझ्यानं कधी झाली नाही, पण प्रश्न मी चांगला सांभाळला.

तर पाळकसाहेब नवे आले आणि चर्चच्या मागच्या खोलीत एकटेच राहायला लागले. पन्नाशीचे, बारीक, डोक्यावर थोडे केस. आल्या-आल्या त्यांनी फाटकाचं कुलूप काढलं, आणि मग हा दारोदार पाठ करून उभं राहण्याचा प्रकार सुरू झाला. कुणाला पुस्तक दिलं नाही, देवाचं नाव काढलं नाही. त्यामुळं तर संशय जास्तच वाढला. कोपऱ्यावरचे किराणावाले बशीरभाई म्हणाले, "भाई, ये जमीन का चक्कर है. नाप ले रहा है आँखों से." मी म्हणालो, जमीन नव्हे, माणसं. आधी बघून जातात, मग एकेक घर उचलतात. शेवटच्या घरातल्या काशाबाईला वाटलं घरकुलाचा सर्व्हे आहे, म्हणून तिनं त्यांना गळकं छप्पर दाखवलं. ती पिशोरकडची. सासरा शेळ्या-मेंढ्या घेऊन हिंडायचा, ही शहरात येऊन बांधकामावर जायची. आणि आमची बायको म्हणाली, "बिचारा एकटा माणूस आहे, करमत नसेल." तिला मी गप्प बसवलं. म्हणजे प्रयत्न केला.

आमच्या दारात ते तीनदा आले. तिसऱ्या वेळी वळून त्यांनी बायकोला विचारलं, "ताई, एक विचारू? या गल्लीत कुणाच्याही दारात उभं राहिलं, तर घरातली बाई सारखी गल्लीच्या तोंडाकडं बघत असते. काय आहे तिकडं?"

बायको म्हणाली, "लाइनमन."

हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी पाचव्या नाहीतर सहाव्या दिवशी. वेळ ठरलेली नाही. लाइनमन सायकलवरून यायचा आणि चर्चच्या फाटकाबाहेरचा व्हॉल्व्ह चावीनं उघडायचा. मग वीस मिनिटांनी गल्लीत पाणी, आणि पाऊण तासात बंद. तेव्हा घरात माणूस नसलं तर पुढचे सहा दिवस शेजाऱ्यांच्या तोंडाकडं बघायचं. त्यामुळं प्रत्येक घरातली एक बाई कायमची बांधलेली. लग्न असो, मयत असो, ती जायची नाही. काशाबाईनं तर पाण्यापायी कामावर इतके खाडे केले होते की मुकादम तिला बोलवायचाच बंद झाला होता.

आमचं मात्र बरं चाललं होतं. लाइनमन व्हॉल्व्ह उघडायच्या आधी आमच्याकडं चहाला यायचा. चहाबरोबर बातमी आपोआप मिळायची. शिवाय नळाला थेट जोडलेली मोटार, जी लावायला बंदी होती आणि जिच्यावर पोतं होतं. मोटार चालू झाली की आमची दोन पिंपं धडाधड भरायची आणि शेवटच्या घरी काशाबाईच्या नळाला करंगळीएवढी धार राहायची. ती म्हणायची, "नळ लई म्हातारा झालाय माझा." मी मान हलवायचो. सहानुभूतीनं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला चर्चची घंटा वाजली. मंगळवारी घंटा म्हणजे काय, सगळे दारात. पाळकसाहेब गल्लीतून प्रत्येक दाराशी सांगत आले, "व्हॉल्व्ह उघडलाय. वीस मिनिटांत पाणी येईल." उघड्या फाटकातून त्यांना व्हॉल्व्ह दिसायचाच. पुढच्या खेपेला ते सांगत फिरले नाहीत. नुसती घंटा वाजवली.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या ओट्यावर गल्लीची बैठक झाली. बोलावली मीच. आज घंटेवर पाण्याला उठताय, उद्या घंटेवर कशाला उठाल, असं मी बरंच बोललो. माझं मलाच पटत गेलं. लाइनमनच्या चहाला आता काही अर्थ उरला नव्हता, हे मी बोललो नाही. शेवटी ठरलं की घंटेवर कुणी पाणी भरायचं नाही.

पुढची घंटा वाजली आणि खरंच कुणी जागचं हललं नाही. पाच मिनिटं. मग एकीला आठवलं की नळाजवळचा दगड घासायचा राहिलाय. दुसरीला हंडा उन्हात ठेवायचा होता. बशीरभाई दुकान सोडून 'यूँही' घरी आले. वीस मिनिटांनी सगळी गल्ली आपापल्या नळापाशी होती आणि घंटा ऐकलेली कुणीच नव्हती. मी ओट्यावरून हे बघत होतो. मोरीत माझी मोटार चालू होती.

चर्चच्या मंडळींनाही हे रुचलं नव्हतं. त्यांच्यातले एक निवृत्त हेडमास्तर, पंचमंडळातले वडीलधारे, स्कूटर लावून थेट माझ्याकडं आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "ही घंटा आमच्या पूर्वजांनी देवाच्या उपासनेसाठी टांगली. नळासाठी नव्हे." मी म्हणालो, अगदी बरोबर. आमचं दोघांचं इतकं जमलं की मी त्यांना चहा पाजला. त्यांनीच सांगितलं की वरच्या लोकांनी हे चर्च बंद करून मोठ्या चर्चमध्ये मिळवायचं जवळपास ठरवलंय. नाताळच्या आधी तिघं जण बघायला येणार. हे पाळकसाहेब म्हणजे शेवटचा प्रयत्न. "आणि हा माणूस उपासना वाढवायची सोडून लोकांची दारं बघत हिंडतो. कुलूप लागणार आमच्या चर्चला, दुसरं काय." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं लग्न तिथं झालं होतं. पत्नीला शेवटचा निरोपही तिथूनच दिला होता.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अर्ज मी त्याच आठवड्यात लिहिला.

मी सरकारी कचेरीत कारकून. माझ्याजवळ अभिमान धरावा असं फक्त अक्षर आहे. 'अवेळी घंटानाद करून वस्तीतील भोळ्या लोकांना आपल्याकडे वळविण्याचा सुनियोजित प्रकार' असं मी लिहिलं. 'सुनियोजित' शब्दावर मी खूश होतो. सह्या घेतल्या आणि अर्ज चौकीत दिला. माझी सही चौदावी, मुद्दामच खाली. जमादारानं पाळकसाहेबांना बोलावलं. अर्ज त्यांच्या हातात दिला, त्यांनी उभ्या-उभ्या वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. यापुढं उपासनेखेरीज वाजवणार नाही." वाद नाही, काही नाही. घंटा बंद झाली.

त्यानंतरच्या पाण्याची बातमी पुन्हा चहाबरोबर फक्त मला मिळाली.

काशाबाई तेव्हा जवळच्याच एका बांधकामावर जायला लागली होती. घंटा तिथपर्यंत ऐकू यायची. ऐकली की ती घमेलं ठेवून धावत यायची, आणि पाणी भरून परत जायची. मुकादमही चालवून घ्यायचा. त्या दिवशी घंटा झाली नाही, ती आली नाही. घरात सून ओली बाळंतीण, ती खोलीबाहेर येण्यासारखी नव्हती. संध्याकाळी काशाबाई परतली तर पिंप कोरडं, बाळाची दुपटी तशीच पडलेली. ती गल्लीच्या मध्ये येऊन उभी राहिली. ओरडली वगैरे नाही.

"घंटा कुणी बंद केली?"

 सगळ्यांनी बघितलं माझ्याकडं.

"बाटवत्याल म्हनता? मला बाटवायला कोन येतंय इथं? मला कुनी पानी तरी पाजतंय का?"

आणि ती तशीच चर्चमध्ये गेली. काय होतंय ते बघायला मागोमाग आम्हीही फाटकापर्यंत गेलो. पाळकसाहेब पायरीवर उभे होते. तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मावशी, मी चौकीत शब्द दिलाय. घंटा उपासनेलाच वाजेल."

"मग करा उपासना."

"खोटी करता येत नाही हो."

"खोटी कशाला? खरी करा. पानी मिळू दे म्हनून कोन खोटं मागतंय?"

पाळकसाहेब एक पायरी खाली उतरले. मग म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

तेव्हापासून असं झालं की लाइनमननं व्हॉल्व्ह उघडला की घंटा व्हायची आणि पाळकसाहेब आत जाऊन उपासनेला बसायचे. एकटेच. मला वाटलं, नाटक. मी बशीरभाईंना लक्ष ठेवायला सांगितलं, त्यांच्या दुकानातून आतलं दिसायचं. त्यांनी दोन खेपा बघितलं आणि म्हणाले, "नहीं भाई. अकेला बैठता है, घुटनों पे. पूरा टाइम. और एक बात देखे क्या तुम? उसका खुद का पानी रह जाता है."

ते खरं होतं. पाणी यायचं त्याच वेळी हे आत, त्यामुळं त्यांच्या खोलीतला नळ चालू होऊन बंदही व्हायचा. मग मी ओट्यावरून बघितलं. करंगळीएवढ्या धारेवर काशाबाई आपलं पिंप भरायची, आणि शेवटची कळशी डोक्यावर घेऊन, आमच्या दारावरून, त्यांच्या खोलीत ठेवून यायची. माझी दोन पिंपं भरून वर वाहत असायची. बायको माझ्याकडं बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

दिवाळी झाली. एका सकाळी पाळकसाहेब आले ते सरळ आत येऊन खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा इतक्या जवळून मी तेव्हाच बघितला. खूप थकलेला होता. म्हणाले, "पंधरा दिवसांनी वरची मंडळी येताहेत. ठेवायचं की बंद करायचं ते ठरवतील. शेजाऱ्यांनी चार ओळी लिहून दिल्या तर बघावं म्हणतो. तुम्ही लिहाल का?"

मी म्हणालो, "मी कुठला लिहिणारा, साहेब."

"असं कसं? तुमचं अक्षर फार सुंदर आहे. चौकीत वाचलं ना मी. मुद्देही नेटके मांडले होते."

मी फरशीकडं बघत राहिलो. आमच्या फरशीवर बघण्यासारखं काही नाही.

"फक्त या वेळी आहे तेच लिहा," ते म्हणाले. मग उठता उठता हळूच, बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "मोटारीचं नाही लिहिलंत तरी चालेल."

मी दचकून वर बघितलं.

"काशाबाईंच्या दारात उभं राहिलं की तिचा आवाज येतो. आवाज सुरू झाला की त्यांची धार बारीक होते. मी कुणाला बोललो नाही. बोलून माणसाला राग तेवढा येतो, पाणी येत नाही."

म्हणजे सुरुवातीच्या दिवसांपासून हे माहीत होतं त्यांना. मी वर्षभर त्यांच्यावर पाळत ठेवून होतो आणि त्यांनी मला केव्हाच ओळखून, झाकून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. 'आमच्या गल्लीत' एवढं लिहिलं आणि थांबलो. तीन कागद फाडले. 'सुनियोजित' शब्द लिहिणाऱ्या माणसाला साधं वाक्य जमेना. शेवटी बायको म्हणाली, "आधी ती मोटार काढा. मग जमेल." तिला काय ऐकू गेलं होतं आणि काय नव्हतं, मी विचारलं नाही. पाना आणला आणि मोटार काढली. मग लिहिलं. मोटारीचंही लिहिलं, खाली पहिली सही करणाऱ्याची, म्हणजे माझी म्हणून.

सह्या घ्यायला निघालो तर निम्म्या गल्लीनं दारातूनच परत पाठवलं. "चर्चच्या कागदावर सही? नंतर आमची नावं कुठल्या यादीत जातील काय सांगावं. तुम्हीच तर म्हणाला होतात." मीच शिकवलेलं मला ऐकवत होते, तेही माझ्याच शब्दांत. बशीरभाईंनी अख्खा कागद दोनदा वाचून घेतला, मोटारीपाशी आल्यावर माझ्याकडं बघितलं, आणि सही केली. काशाबाईनं अंगठा दिला. मोटारीचं तिला मी आधी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "व्हय का. म्हंजे नळ म्हातारा नव्हता." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या मिळून सह्या नऊ.

वरची मंडळी आली. तिघं, बरोबर हेडमास्तर. कागद लिहिणारा म्हणून मलाही आत बोलावलं. आत गार होतं, बाकांना जुन्या लाकडाचा वास होता, आणि मी चुकून चपला बाहेर काढून गेलो होतो. त्यांतल्या एकानं कागद वाचला आणि पाळकसाहेबांना विचारलं, "या नऊ जणांपैकी उपासनेला किती येतात?"

"एकही नाही."

"मग आपण वर्षभर काय मिळवलं?"

"आपण यांच्याकडं पाठ करून बसलो होतो," पाळकसाहेब म्हणाले. "आता तोंड केलंय. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही."

एवढ्यावर सगळं संपलं असं मला वाटलं. पण हेडमास्तर उठले. म्हणाले की घंटेला त्यांचा विरोध होता, तो लेखी आहे. पण फाटक उघडं राहायला लागल्यापासून त्यांच्याच लोकांतली काही जुनी घरं रविवारी परत यायला लागलीत, नातवंडं घेऊन, कारण इथं कुलपाऐवजी माणसं दिसतात. "तीस वर्षं मी या गल्लीतून येत होतो. एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. परवा माझी स्कूटर बंद पडली तर तिघांनी मला नावानं हाक मारली. आता बंद करू नका."

महिन्यानं पत्र आलं. चर्च राहणार. मात्र घंटेच्या वापराबद्दल नापसंती होती, आणि पाळकसाहेबांची बदली जालन्याच्याही पलीकडं एका गावी.

निरोपाची आम्ही तयारी केली होती. सकाळी दहाला त्यांची रिक्षा यायची होती. हार आणला, पेढे आणले, चार शब्द मी लिहून काढले. पाणी लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी येणार होतं. आणि साडेनऊला घंटा वाजली.

लाइनमन एक दिवस आधी कसा आला, याबद्दल मला अजूनही संशय आहे. तो मला काही सांगत नाही.

पाणी आलं. गल्ली नळांवर वाकली. पाळकसाहेब आतली उपासना आटोपून, एक पिशवी खांद्याला लावून गल्लीतून निघाले, प्रत्येक दाराशी थांबत. बायका अर्ध्या उठायच्या, ते हातानंच बसवायचे. माझ्यापाशी आले तेव्हा माझ्या एका हातात पाइप, पिंप अर्धंच भरलेलं, मोटार नसल्यामुळं धार पहिल्यापेक्षा बारीक. मी उठायला लागलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "धार वाया जाईल."

चार शब्द माझ्या खिशातच राहिले.

ते शेवटच्या घराशी गेले. काशाबाई आत सुनेला हंडा द्यायला गेली होती आणि बाहेर नळाखाली कळशी भरून वाहत होती. धार आता चांगली मनगटाएवढी होती. पाळकसाहेबांनी वाकून भरलेली कळशी बाजूला काढली, शेजारची रिकामी घागर नळाखाली सरकवली, ओले हात धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले आणि वळले. पेढ्याचा पुडा घेऊन बायको बाहेर आली तोवर ते फाटकाशी पोचले होते.

काशाबाई बाहेर आली. नळाखालच्या घागरीकडं बघितलं, मग गल्लीच्या तोंडाकडं. रिक्षा वळत होती. ती दोन पावलं पुढं गेली, थांबली, आणि परत येऊन नळापाशी बसली. घागर भरत आली होती.